पक्षाघातावरील उपचार : मेंदूचे छायाचित्र आणि रक्तस्रावाचा अंदाज



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारपेठ, कर, गोदामे व वाहतूक या विषयांवरील लेख दरवर्षी येत असतात व ते उपयुक्तही असतात. मजसारख्या, केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारे आयुष्य तूर, ज्वारी व उडदाच्या पोत्यांत घालविलेल्या माणसाने मेंदूच्या विकारावर लेखणी उचलावी, हे धाडसच होय. परंतु ज्या एका प्रसंगाने हा विषय मला शिकविला, तो प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही घरी उद्या उभा राहू शकतो. म्हणून संकोच बाजूस ठेवून हा लेख लिहीत आहे. यातील शास्त्रीय भाग दादांवर पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मला वेळोवेळी समजावून दिला. इंग्रजीतील मजकूर दादांच्या नातीने, जी आज वैद्यकीय महाविद्यालयात शिकत आहे, मराठीत सांगितला.

त्या दिवशी काय घडले

सन २०१६ च्या पावसाळ्यातील गोष्ट. राजेश्वर येथील आमच्या राहत्या घरी माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणत असू, रात्री साडेनऊ वाजता रोजमेळ मिटवून, वहिनींशी दोन शब्द बोलून झोपले. पहाटे पाच वाजता वहिनी उठल्या, तेव्हा दादांचा उजवा हात व पाय लुळे पडलेले, तोंड एका बाजूस ओढलेले आणि वाचा बंद झालेली. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर त्यांच्या अंगावरून वारे गेले होते.

आम्ही काय केले? प्रथम तेल कोमट करून अंग चोळले. मग थोडा चहा पाजू लागलो, तो घशात अडकून त्यांना जोराचा ठसका लागला. त्यानंतर मोटारीची शोधाशोध. सात वाजता निघालो आणि शहरातील रुग्णालयाच्या दारात पोहोचलो, तेव्हा नऊ वाजून गेले होते. दारातच कोणीतरी म्हणाले की, लकव्यावर गुठळी विरघळविणारे एक इंजेक्शन असते, पण ते साडेचार तासांच्या आतच देतात. मी मनाशी हिशोब केला. पाच वाजता म्हटले तर साडेनऊला मुदत संपते. म्हणून डॉक्टरांनी विचारताच मी सांगून टाकले, "सहा वाजता झाले, चहा घेताना."

दुकानाच्या वहीत मी कधी खोटी नोंद केली नाही. त्या दिवशी भावाच्या प्राणांसाठी केली, आणि ती करताना मला तिळमात्र अपराधी वाटले नाही.

अर्ध्या तासाने डॉक्टर मेंदूचे छायाचित्र घेऊन बाहेर आले व शांतपणे म्हणाले, "शेठजी, आपण सहा वाजता म्हणता, पण हे चित्र सहाचे दिसत नाही. यांना नीट बोलताना शेवटी कोणी पाहिले, आणि केव्हा?" मी गप्प राहिलो. वहिनी पदर सावरून म्हणाल्या, "रात्री साडेनऊला." डॉक्टरांनी मान हलविली. "मग ते इंजेक्शन यांना देता येणार नाही. दिल्यास मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फार मोठा आहे."

मी संतापलो. खर्चाची चिंता करू नका म्हणालो, लेखी संमती देतो म्हणालो. डॉक्टर माणूस जबाबदारी टाळतो आहे, असेच मला वाटले व ते मी चारचौघांत बोलूनही दाखविले. हा माझा समज किती चुकीचा होता, हे कळण्यास मला बराच काळ लागला. तो उलगडा हाच या लेखाचा विषय आहे.

रोग एक, कारणे दोन

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अकस्मात बिघडणे. तो दोन रीतींनी बिघडतो. एक, रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढचा भाग उपाशी पडतो. दुसरी, रक्तवाहिनीच फुटून रक्त मेंदूत पसरते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हींत काहीच भेद दिसत नाही. हात तसाच लुळा, तोंड तसेच वाकडे.

यातील प्रमाण काय, याची चांगली पाहणी आपल्या मराठी मुलुखातच झाली आहे. मुंबईचे ज्येष्ठ मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल व त्यांचे सहकारी यांनी सन २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबईतील एका ठरावीक वस्तीत पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. प्रथमच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण त्यांना आढळले. त्यांपैकी ३६६ जणांस गुठळीमुळे, तर ८१ जणांस रक्तस्रावामुळे हा विकार झाला होता. ९ जणांचे कारण निश्चित झाले नाही. म्हणजे ढोबळ मानाने पाचांतील चार गुठळीचे व एक रक्तस्रावाचा. आता या पाचव्या माणसास कोणी लक्षणांवरून अंदाजाने गुठळी विरघळविणारे औषध दिले, तर फुटलेल्या बांधाला आणखी भगदाड पाडल्यासारखे होईल. म्हणूनच छायाचित्राचे पहिले काम हे दोन प्रकार वेगळे करण्याचे असते.

औषधाचा जमा-खर्च

गुठळी विरघळविणारे हे औषध अल्टेप्लेज या नावाचे. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मज्जाविकार व पक्षाघात संस्थेने केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ६२४ रुग्ण होते; विकार सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत निम्म्यांस औषध व निम्म्यांस नुसते निरुपद्रवी द्रव्य देण्यात आले. तीन महिन्यांनी पाहता औषध मिळालेले रुग्ण अपंगत्वावाचून अथवा अगदी अल्प अपंगत्व राहून बरे होण्याचे प्रमाण निदान ३० टक्क्यांनी अधिक भरले. ही जमेची बाजू.

खर्चाची बाजूही त्याच अहवालात प्रामाणिकपणे मांडलेली आहे. औषध दिल्यावर छत्तीस तासांच्या आत मेंदूत प्रकृती बिघडविणारा रक्तस्राव झाला तो औषध मिळालेल्यांपैकी १०० मध्ये ६.४ जणांस, औषध न मिळालेल्यांत हेच प्रमाण ०.६ होते. तरीही तीन महिन्यांअखेर मृत्यू पाहिले, तर औषधाच्या बाजूस १७ टक्के व दुसऱ्या बाजूस २१ टक्के. म्हणजे एकंदर खाते फायद्याचेच. पुढे २००८ साली युरोपातील प्रयोगाने ही मुदत तीन तासांवरून साडेचार तासांपर्यंत वाढविली.

परंतु बंधूंनो, एकंदर खाते फायद्यात आहे याचा अर्थ प्रत्येक सौदा फायद्यात आहे असा होत नाही. शंभरांतील त्या सहा जणांच्या घरी काय झाले असेल? औषध दिले नसते तर जो माणूस लुळा का होईना पण राहिला असता, तो औषधाने गेला. ते सहा जण कोण, हे आधी ओळखता येईल काय, हाच गेली तीस वर्षे शास्त्रज्ञांपुढील प्रश्न आहे.

रक्तवाहिनी का फुटते

याचे उत्तर मला माझ्या गोदामात सापडले. ओल्या जमिनीवर ठेवलेले पोते बाहेरून धड दिसते. परंतु खालचा तागाचा धागा दिवसेंदिवस कुजत असतो. हमालाने आकडा लावून ते उचलले की बुड सुटते व माल भुईवर येतो. त्यात हमालाचा दोष नसतो. पोत्याचा दम आधीच गेलेला असतो.

रक्तवाहिनीचेही तसेच आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण शरीराने घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. इतक्या खर्चिक अवयवाचा पुरवठा तुटला की मोठ्या पक्षाघातात दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशोब २००६ साली प्रसिद्ध झाला आहे. परंतु उपाशी केवळ पेशीच राहतात असे नाही. रक्तवाहिनीची भिंतही उपाशी राहते. मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती इतरत्र असतात त्याहून घट्ट विणीच्या असतात. रक्तातील नको ते पदार्थ त्या मेंदूत शिरू देत नाहीत. तासामागून तास जातात, तशी ही वीण सैल होते. अशा वेळी औषधाने गुठळी विरघळली व रक्ताचा लोंढा एकदम परत आला, म्हणजे कुजलेल्या पोत्यास आकडा लावल्यासारखे होते. शिवाय गुठळी विरघळविणारे औषध स्वतःही ही वीण आणखी उसविण्यास हातभार लावते. रक्तदाब फार चढलेला असणे व रक्तातील साखर वाढलेली असणे, यांनीही धोका वाढतो. म्हणूनच रक्तदाब १८५/११० च्या खाली आणल्यावाचून हे औषध देत नाहीत.

छायाचित्र काय सांगते

पूर्वी जिवंत माणसाच्या मेंदूत काय चालले आहे, हे कवटी न उघडता नीट पाहण्याची सोय नव्हती. ती सोय गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सी. टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांजसह नोबेल पारितोषिक मिळाले. या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते, त्यामुळे रक्तस्राव झाला आहे की नाही हे काही क्षणांत कळते. गुठळीमुळे मरू लागलेला भाग मात्र हळूहळू काळसर होत जातो. पहिल्या तास-दोन तासांत तो दिसेलच असे नाही.

हा काळसर भाग किती पसरला आहे, यावर पुढच्या रक्तस्रावाचा अंदाज बांधता येतो, हे १९९५ सालच्या युरोपीय प्रयोगात ध्यानी आले. मेंदूच्या मधल्या मुख्य रक्तवाहिनीच्या क्षेत्रापैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग आधीच काळवंडलेला असता औषध दिले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुढे २००० साली कॅनडातील कॅल्गरी येथील तज्ज्ञांनी मोजणीची एक सुटसुटीत पद्धत काढली. या क्षेत्राचे दहा भाग कल्पावयाचे, आणि जो भाग बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण वजा करावयाचा. दहा गुण म्हणजे चित्र निर्दोष. गुण जसजसे घसरतात, तसतशी बरे होण्याची आशा कमी व रक्तस्रावाची भीती अधिक. आपण पोत्यात नळी खुपसून मूठभर माल काढतो व त्यावरून साऱ्या थप्पीचा दर्जा ठरवितो; त्याच जातीची ही परीक्षा आहे. फरक एवढाच की, येथे परीक्षकास दहा मिनिटेही मिळत नाहीत.

दुसरे यंत्र एम. आर. आय. याचे. त्याच्या विशिष्ट चित्रांत मेंदूतील जुने, ठिपक्यांएवढे रक्तस्राव काळ्या बिंदूंच्या रूपाने दिसतात. रुग्णास ते केव्हा झाले हे ठाऊकही नसते. पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ते झालेले असतात. असे बिंदू दहांहून अधिक असल्याचे आधीच माहीत असेल, तर गुठळीच्या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो व लाभाची खात्री देता येत नाही, असे अमेरिकेतील हृदयरोग व पक्षाघात संघटनांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. परंतु त्याच मार्गदर्शनात हेही बजावले आहे की, केवळ हे बिंदू शोधण्यासाठी प्रत्येक रुग्णाचा एम. आर. आय. करीत बसू नये. चित्रासाठी घालविलेला वेळही मेंदूच्याच खात्यातून वजा होत असतो.

याहून सूक्ष्म विचार अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. रिचर्ड ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडला. एम. आर. आय. काढताना शिरेतून एक रंगद्रव्यासारखे औषध सोडतात. रक्तवाहिनीची वीण धड असेल, तर ते वाहिनीतच राहते. वीण सैल झाली असेल, तर ते बाहेर झिरपते. किती झिरपले हे संगणकाने मोजून त्यांनी ७५ रुग्णांची जुनी चित्रे तपासली, तेव्हा ज्यांस पुढे मोठा रक्तस्राव झाला त्यांच्या मेंदूत औषध देण्यापूर्वीच ही गळती अधिक होती, असे दिसून आले. जुन्या पोत्यात ज्वारी टिकते, पण खसखस भरली की कोठून गळते ते लगेच कळते. तसाच हा प्रकार. रुग्णांची संख्या लहान असल्याने ही रीत रोजच्या उपचाराचा नियम बनलेली नाही. तथापि विचाराची दिशा त्यावरून कळते : घड्याळाकडे तर पाहावेच, पण त्या विशिष्ट माणसाच्या रक्तवाहिनीची अवस्थाही पाहावी.

चित्र केवळ नकारच देते, असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ लोकांस दादांप्रमाणे झोपेतच पक्षाघात होतो व वेळ कळत नाही. पूर्वी अशांस औषध सरसकट नाकारले जाई. २०१८ साली युरोपातील ५०३ रुग्णांवरील एका प्रयोगात एम. आर. आय.च्या दोन प्रकारच्या चित्रांची तुलना करून विकार नुकताच झालेला आहे की जुना, हे ठरविण्यात आले. ज्यांचे चित्र ताजे दिसले त्यांना औषध देता १०० पैकी ५३ जण चांगले बरे झाले. न देता ४२. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण २ टक्के व ०.४ टक्के असे होते. अशा प्रकारे जेथे घड्याळ मुके होते, तेथे चित्राने साक्ष दिली.

आपल्या मुलुखातील काम

वाचकांस वाटेल की, हे सारे परदेशातील. वस्तुतः तसे नाही. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या संस्थेतील संशोधकांनी भारतातील सुमारे वीस केंद्रांतून ३,१३,३१८ सी. टी. स्कॅन गोळा करून, मेंदूतील रक्तस्राव, कवटीचे भंग इत्यादी संगणकास आपोआप ओळखावयास शिकविले. त्याचा वृत्तान्त २०१८ साली लॅन्सेट या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेथे चित्र काढण्याचे यंत्र आहे पण ते वाचणारा तज्ज्ञ रात्री-बेरात्री हजर नाही, अशा आपल्यासारख्या जिल्ह्यांना या विद्येचा मोठा उपयोग आहे. हे काम झालेला रक्तस्राव ओळखण्याचे आहे, होणाऱ्याचे भाकीत करण्याचे नव्हे. पण पहिली पायरी तीच आहे.

तसेच पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळविणारे औषध देशातच तयार केले असून पक्षाघातासाठी ते भारतात वापरले जाते. अल्टेप्लेज शिरेतून तासभर थेंबथेंब द्यावे लागते; टेनेक्टेप्लेज एकाच वेळी टोचून मोकळे होता येते. रुग्णास पुढे मोठ्या शहरी न्यावयाचे असेल, तेव्हा ही सोय लहान नव्हे. रक्तस्रावाच्या बाबतीत मात्र यात सूट नाही. २०२२ साली कॅनडातील मोठ्या प्रयोगात दोन्ही औषधांनी होणाऱ्या मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ सारखेच, अनुक्रमे ३.२ व ३.४ टक्के, आढळले. म्हणून औषध कोणतेही असो, चित्राची परीक्षा टळत नाही.

त्या चित्राचा अर्थ

आता दादांच्या चित्राकडे परत येतो. तीन महिन्यांनी तपासणीस गेलो असता डॉक्टरांनी ती जुनी फिल्म उजेडासमोर धरली व मला दाखविली. मेंदूच्या डाव्या बाजूस एक मोठा भाग पावसाळी ढगासारखा काळवंडलेला होता. दहांपैकी चार गुण, असे ते म्हणाले. "तीन-साडेतीन तासांत इतका पसारा सहसा दिसत नाही. म्हणून मी आपणांस पुन्हा विचारले. आपला शब्द प्रमाण मानून इंजेक्शन दिले असते, तर दादा आज आपल्याबरोबर आले असते की नाही, सांगता येत नाही."

मी मान खाली घातली. ज्या नकाराबद्दल मी चारचौघांत त्यांना बोल लावला, तो नकार हाच त्या दिवशीचा उपचार होता. आणि माझी प्रेमाने केलेली खोटी नोंद हाच सर्वांत मोठा धोका होता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्राचा अर्थही कायमचा लिहून ठेवलेला नसतो. गुठळी विरघळविण्याऐवजी मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून ती ओढून काढण्याचा उपचार २०१५ पासून मान्यता पावला आहे. कमी गुणांच्या रुग्णांस तो देऊ नये, असाच समज तेव्हा होता. परंतु २०२२ साली जपानमध्ये तीन ते पाच गुणांच्या सुमारे दोनशे रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात गुठळी काढलेल्यांपैकी ३१ टक्के लोक निदान स्वतःच्या पायांनी चालण्याइतके बरे झाले. न काढलेल्यांत १२.७ टक्के. मात्र कोणत्या ना कोणत्या प्रमाणात रक्तस्राव झाला तो ५८ टक्क्यांस, दुसऱ्या बाजूस ३१.४ टक्क्यांस. म्हणजे धोका वाढला, तरी लाभही वाढला. दादांच्या वेळी त्या रुग्णालयात ही सोयच नव्हती. आज तशीच वेळ आली तर डॉक्टर कदाचित निराळा सल्ला देतील. धोका कळणे म्हणजे निकाल लागणे नव्हे. धोका कळला म्हणजे जाणत्याने त्याचे माप लाभाच्या मापाशी ताडून पाहावयाचे असते.

आपण काय करावे

या सर्वांतून गृहस्थाश्रमी माणसाने घ्यावयाचा बोध असा :

(१) तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात वा पाय निर्जीव होणे, बोलणे अडखळणे किंवा बंद पडणे, एकाएकी दिसेनासे होणे अथवा तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ निघावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तेल चोळणे, झाडपाला, उद्या पाहू, हे सर्व बंद.

(२) माणूस नीट असल्याचे शेवटी कोणी पाहिले व किती वाजता, हे कागदावर लिहून बरोबर न्यावे. विकार दिसला ती वेळ निराळी व शेवटी धड पाहिले ती वेळ निराळी. डॉक्टरांस दुसरी वेळ हवी असते. ती खरी सांगावी. मुदतीसाठी घड्याळ पुढे-मागे करू नये.

(३) चित्र निघेपर्यंत अ‍ॅस्पिरीनसारखी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. तो रुग्ण पाचांतील पाचवा असू शकतो. रक्तदाब उतरविण्याची गोळीही घरी जिभेखाली ठेवू नये. गिळता येते की नाही हे कळल्यावाचून पाणी किंवा चहा पाजू नये.

(४) रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी अथवा पिशवीच बरोबर न्यावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे; रक्तस्रावाचा अंदाज त्यावरही अवलंबून असतो.

(५) ज्या रुग्णालयात सी. टी. स्कॅनचे यंत्र दिवसरात्र चालते व गुठळीचे औषध मिळते, ते आपल्या गावाहून कोणते, हे आजच विचारून ठेवावे. राजेश्वर, हुमनाबाद, बसवकल्याण या पट्ट्यातील लोकांना बीदर, कलबुर्गी, सोलापूर वा हैदराबाद यांपैकी कोठे जावयाचे, हा वाद रुग्ण मोटारीत घातल्यावर करू नये. वाटेतील लहान दवाखान्यांत थांबत जाण्यात जे तास जातात, ते रक्तवाहिनीची वीण उसवीत असतात.

(६) डॉक्टरांनी चित्र पाहून औषध देण्यास नकार दिल्यास त्याचे कारण अवश्य विचारावे, चित्र दाखविण्याची विनंती करावी. पण पैशाचा वा संतापाचा जोर लावू नये.

(७) आणि आज घरी सर्व ठीक असताना रक्तदाब व साखर तपासून घ्यावी व औषधे नियमित घ्यावीत. गादीवर दिवसभर बसणाऱ्या आपल्या व्यवसायात हे दोन्ही विकार फार आहेत. मेंदूतील ते काळे बिंदू वर्षानुवर्षे मुकाट्याने जमत असतात.

दादा त्यानंतर पाच वर्षे जगले. उजवा हात अखेरपर्यंत लटकाच राहिला, बोलणे तुटक झाले. परंतु डाव्या हाताने त्यांनी आकडे लिहावयास शिकून घेतले व दुपारच्या वेळी गादीवर बसून ते रोजमेळ तपाशीत. एके दिवशी मी त्यांना त्या सकाळच्या माझ्या खोट्या वेळेची हकीकत सांगितली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले, आणि मग वहीचे पान उलटून ते पुढची बेरीज करू लागले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

शास्त्राने मेंदूच्या आत डोकावण्याची खिडकी उघडून दिली आहे. तिच्यातून पाहणारा डॉक्टर हुशार असला, यंत्र उत्तम असले, तरी त्यास दोन गोष्टी आपणच पुरवू शकतो : लवकर आणलेला रुग्ण आणि खरी सांगितलेली वेळ. या दोहोंस एक पैसाही पडत नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्या कामी माझी चूक आली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.